म्हात्रे सरांचे वाल आणि माझी सही

शाळेच्या कपाटावर काय काय साचतं ते शिक्षकालाच विचारावं. पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, एक पातं गेलेली पवनचक्की, आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल, कधीच न पेटलेली टॉर्च. टाकायला जावं तर कुठलं तरी पोर डोळ्यांत पाणी आणून समोर उभं राहतं. मग ते राहतं. किस्स्यांचंही तसंच. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. गेल्या आठवड्यात मी आमचं कपाट आवरायला घेतलं आणि दुपारपर्यंत एकही वस्तू खाली उतरली नाही. नुसती स्टुलावर बसून राहिले.

आमची शाळा हमरापूरच्या बाजूला. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी म्हात्रे सरांकडे. सर रोह्याचे, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातले. सकाळची गाडी पकडून हमरापूर स्टेशनला उतरायचे आणि चालत शाळेत यायचे. विज्ञानाचं वेड असं, की पुस्तकाच्या आधी पिशवी उघडायची. पिशवीत कधी लोहचुंबक, कधी बेडकाची अंडी! मुलगा काही सांगायला लागला की त्यांचं एकच वाक्य, "सांगू नको, दाखव!"

आणखी एक नियम होता. प्रत्येक मुलाची निरीक्षणवही. मुलाने जे बघितलं तेच त्यात लिहायचं, आणि ते तपासून सही करायची मी. मी म्हटलं, "सर, प्रयोग तुमचा, मुलं तुमची, सही माझी कशाला?" तर म्हणाले, "बाई, प्रयोग देणारा लगेच खूश होतो. तपासायला बाहेरचा माणूस पाहिजे." बारा वर्षं मी तो बाहेरचा माणूस होते.

पुढचे किस्से हसायचे आहेत आणि हसलोही आम्ही भरपूर. पण शेवटच्या दोन वर्षांत आम्ही हसत होतो तेव्हा सरांची नजर जात होती. मी शेजारच्या खोलीत बसून होते आणि मला ते कळलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मला दोष द्यायला मोकळे.

*

पहिला किस्सा जुना, सरांची नजर घारीची होती तेव्हाचा.

भातकापणी झाली की सर घरून मूठभर वाल आणायचे. प्रत्येकाला एक दाणा. चहाच्या ग्लासात माती घालून पेरायचा, घरी न्यायचा, रोज पट्टीने मोजून वहीत लिहायचं. निखिल नावाचा एक वस्ताद होता. त्याच्या वहीत रोप रोज नेमकं एक सेंटिमीटर वाढत होतं. दहा दिवसांत दहा सेंटिमीटर, एक रेघ इकडची तिकडे नाही! मी सही करून मोकळी झाले होते.

सर म्हणाले, "सांगू नको, दाखव."

निखिलने ग्लास आणला. ग्लासात माती होती, रोप नव्हतं. तिसऱ्याच दिवशी कोंबडीने उपटून खाल्लं होतं!

"मग पुढचे सात दिवस कुठे वाढत होतं रे? कोंबडीच्या पोटात?"

वर्ग हसून लोळला. सर मात्र हसले नाहीत. निखिलला जवळ घेऊन म्हणाले, "मेलेलं रोप वहीत वाढवायचं नाय. कितीही वाईट वाटलं तरी नाय." मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आणि बाई, तुम्ही पण न बघता सही करायची नाय!" मुलांसमोर बोलले. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

*

त्याच निखिलला सरांनी दुसरा दाणा दिला. या वेळी कोंबडीच्या भीतीने त्याने ग्लास तांदळाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. आठ दिवसांनी ग्लास घेऊन आला तर रोप वीतभर! बाकीच्यांची रोपं त्याच्या निम्मीही नव्हती. आपणच जिंकलो म्हणून स्वारी वर्गात फिरत होती. फक्त रोप पिवळंफटक होतं आणि बोट लागताच मान टाकत होतं.

पोरांनी विचारलं, "सर, अंधारात जास्त वाढतं काय?"

सर म्हणाले, "वाढत नाय रे, धावतं. उजेड कुठं हाय ते शोधत धावतं. उजेड मिळाला की थांबतं आणि हिरवं होतं."

निखिल आता कंपनीत शिफ्टला जातो. परवा पेणच्या बाजारात भेटला. "बाई, सरांचे डोळे कसे हायत?" म्हणाला. मी वांगी निवडत राहिले.

*

आता अलीकडचे. यातली मुख्य मंडळी दोन, दोघंही गेल्या वर्षी चौथीत. मानसी आणि रेहान. मानसीच्या घरी गणपतीचा कारखाना. रेहानचे अब्बा कतारला, घर धरमतरच्या खाडीकडे.

पाण्यात काय विरघळतं याचा प्रयोग होता. मानसीने कारखान्यातून दोन तुटके हात आणले, गणपतीचेच. एक शाडूचा, एक प्लास्टरचा. दोन बरण्यांत पाणी, दोन्हींत एकेक हात. दुसऱ्या दिवशी नेमके केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले. शाडूचा हात केव्हाच चिखल होऊन तळाशी बसला होता. प्लास्टरचा आशीर्वाद द्यायला तसाच उभा! साहेबांनी कौतुकाने विचारलं, "काय शिकलात बाळांनो?"

मानसी उठली. "साहेब, शाडूचा विरघळतो, प्लास्टरचा नाय. पण आमच्या घरी सांगू नका. आजोबांचा सगळा माल प्लास्टरचा हाय!"

साहेब हसून हसून लाल. त्या गडबडीत सरांनी दोन्ही बरण्यांत कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला आणि मगच "बरोबर" म्हणाले. मुलांना मजा वाटली. मलाही. बरणी काचेची होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

*

त्याच्या पुढच्याच आठवड्यात मिठाचा प्रयोग. रेहानने खाडीचं पाणी बाटलीत भरून आणलं. बशांत ओतून उन्हात ठेवलं. चार दिवसांत पाणी उडालं आणि तळाला मिठाचा पांढरा थर धरला. पोरं खूश. सर म्हणाले, "थांबा, आधी चव बघू." त्यांनी हात लांब केला, चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

"वा! अस्सल खाडीचं मीठ!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग रेहान म्हणाला, "सर, ते प्लास्टर हाय. मानसीचं."

शेजारच्या बशीवर मानसीने तळहाताएवढ्या अक्षरांत 'प्लास्टर, खाऊ नये' लिहून ठेवलं होतं. सर थुंकायला बाहेर धावले आणि मागून मानसी ओरडली, "सर, पाणी पिऊ नका! पोटात गणपती होईल!"

आम्ही सगळे इतके हसलो की माझ्या पहिलीची पोरं धावत बघायला आली. सगळ्यांत जास्त मी हसले. मी ही गोष्ट नंतर माहेरी सांगितली, लग्नात सांगितली, साडी नेसवता नेसवता सांगितली. सगळीकडे टाळ्या मिळाल्या.

*

मग सर गाडी चुकायला लागले. म्हणजे गाडी पकडायचे बरोबर, उतरायचं चुकायचे. दोनदा हमरापूरला न उतरता पुढच्या स्टेशनला, जित्याला गेले आणि रिक्षाने परत आले. "डोळा लागला हो बाई," म्हणायचे. मी म्हटलं, "सर, पेणपर्यंत झोपा, पुढे जागे राहत जा!" मला काय माहीत, माणूस जागाच असायचा. स्टेशनची पाटी दिसायची नाही म्हणून बोटांवर स्टेशनं मोजत बसायचा, आणि मध्येच गाडी क्रॉसिंगला थांबली की हिशेब चुकायचा.

*

यापुढचं हसत सांगता येणार नाही.

सावलीचा प्रयोग होता. अंगणात काठी रोवायची आणि दर तासाला सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. रेहानने डोकं लढवलं. कतारला अब्बांना फोन करून सांगितलं, तिथल्या बाराला काठीच्या सावलीचा फोटो पाठवा. त्या बिचाऱ्याने खरंच साइटवर सळई उभी करून फोटो पाठवला! रेहान आईचा फोन घेऊन शाळेत आला, फोटो उघडला आणि सरांच्या हातात दिला.

सरांनी फोन जवळ धरला. बराच वेळ बघितला. "वा! अब्बांची सावली आपल्यापेक्षा लांब हाय. मस्त फोटो काढलाय."

रेहान हळूच म्हणाला, "सर, स्क्रीन बंद झालीय."

कोणी हसलं नाही. चौथीतली मुलं ती, कुत्रं शिंकलं तरी हसतात. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. सरांनी फोन त्याच्या हातात परत दिला. त्याच्या हातात म्हणजे, आधी जरा बाजूला हवेत धरला. रेहान सरकला आणि त्याने तो घेतला.

*

मुलं घरी गेल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. फटकळ बाई मी, सरळ विचारलं. "सर, दिसत नाही ना?"

"साखर, बाई. डोळ्याच्या मागचा पडदा गेला. पनवेलला दाखवलं, लेझर केलं. गेलेलं परत येत नाय. राहिलेलं टिकतंय का ते बघायचं."

"मला का नाही सांगितलं?" मी चिडलेच. मला रडू आलं की मी चिडते.

"कधी सांगणार? तुम्ही हसत होतात."

ते टोचून बोलले नव्हते. त्यामुळे जास्त लागलं.

मग त्यांनी मागणं मागितलं, तेवढं एकच. "मार्चपर्यंत सांभाळून घ्या. ही चौथी माझ्या हाताखालून बाहेर पडू दे. मग मी घरी बसतो. कोणाला विचारणार नाय, भांडणार नाय. फक्त मार्च."

तेव्हा डिसेंबर लागला होता. मी म्हटलं, "हजेरी मी लिहीन, माहिती मी भरीन. तुम्ही वर्गात उभे राहा." खरं म्हणजे वरिष्ठांना कळवायला हवं होतं. नाही कळवलं. आजही त्याचं वाईट वाटत नाही.

*

आम्हा दोघांना वाटत होतं, मुलांना कळू द्यायचं नाही. रोज ज्यांना 'नीट बघा, नीट बघा' म्हणून घासलं, त्यांच्यापासून लपवायला निघालो होतो!

आठवड्याने वह्या तपासायला आल्या. मानसीच्या वहीत एक प्रयोग होता, सरांनी कधीच न दिलेला.

'प्रयोगाचे नाव: सरांना किती दिसते. साहित्य: पुठ्ठा, खडू, सर. कृती: रेहानने पुठ्ठा लांबून धरला व हळूहळू जवळ आणला. सरांना सांगितले नाही. निरीक्षण: दहा पावलांवर सरांना पुठ्ठा दिसला नाही. चार पावलांवर दिसला. त्यावरचे अक्षर एका पावलावरही दिसले नाही. तीन वेळा करून बघितले. अनुमान: सर जवळ येऊ शकत नाहीत. आपण जवळ जायचे.'

खाली रेघ मारली होती, माझ्या सहीसाठी. वही मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. मग सही केली. सगळं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवसापासून बघावं तर चौथीची मुलं जमिनीवर सरांच्या भोवती कोंडाळं करून बसलेली. फळा कोरा.

*

शनिवारी मानसीचे आजोबा शाळेत आले. हातांना भेगा, नखांत प्लास्टर. गणपतीच्या कारखान्यात सगळ्यांत शेवटचं काम असतं डोळ्यांच्या आखणीचं, आणि ते हातखंडा असलेला माणूसच करतो. डोळे काढल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही. आजोबांनी आयुष्यभर तेवढंच केलेलं. आता त्यांनाच दिसत नाही.

सरांच्या समोर बसले आणि म्हणाले, "सर, नातीनं सांगितलं. म्हटलं जाऊन यावं."

सरांनी आवाजाकडे तोंड वळवलं.

"आमच्यात डोळं गेलं म्हनून कारखान्यातनं कोन काढत नाय. आखनी सोडायची आन् साचं भरायला बसायचं. साच्यात पातळ कुठं राह्यलं, भेग कुठं गेली, ते डोळ्याआधी बोटाला कळतं. मी पहिल्या वर्षी लय रडलो. दुसऱ्या वर्षी बसलो साच्यावर." मग म्हणाले, "तुमच्या इद्येत साचा कंचा, ते मला म्हाईत नाय. पन असंल."

सरांनी त्यांचे हात हातात घेतले. दोघं एकमेकांच्या बोटांवरून बोटं फिरवत बसले. मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले.

*

मग चौथीने पट्टी सोडली. वालाच्या रोपाची उंची मोजायची ती दोऱ्याने. रोपाएवढा दोरा कापायचा आणि पुठ्ठ्यावर उभा चिकटवायचा. एकोणीस मुलं, एकोणीस दोरे. सर बोट फिरवायचे आणि आखूड दोऱ्यावर थांबून सांगायचे, "रेहान, पाणी जास्त घालतोस." रेहान जीभ चावायचा. आठ-दहा दिवस तर मला वाटलं, मार्च गाठतो हा माणूस.

जानेवारीत सर हमरापूर स्टेशनवर पडले. गाडीची पायरी आणि फलाट यांचा अंदाज चुकला. पायाचं हाड मोडलं, जीव वाचला. रोह्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला, "मावशी, आता बाबांना नाय पाठवत." मी मार्चचं काही बोलले नाही.

*

आणि हा शेवटचा. फेब्रुवारीतला.

नोकरी सोडायच्या कागदांवर सह्या करायला मुलगी सरांना रिक्षाने घेऊन आली. पायाला प्लास्टर. मानसी कुजबुजली, "सर, तेव्हा पोटात, आता बाहेरून!" आणि सर इतके हसले की मुलांचा जीव भांड्यात पडला. मग सगळी कोंडाळं करून बसली आणि रेहानने पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. सर नव्हते तेव्हा मुलांनी दुसऱ्यांदा वाल पेरले होते.

सरांची बोटं दोऱ्यांवरून सरकत गेली. एक, दोन, पाच, अकरा. मग एकाजवळ थांबली. तो दोरा बाकीच्यांच्या दुप्पट लांब होता, पुठ्ठ्याच्या वर निघून खाली लोंबत होता.

"ही वेल कोणाची?"

"माझी, सर," मानसी म्हणाली. "तांदळाच्या डब्यात ठेवली होती."

"अंधारात? का गो? काय होतं ते तुला सांगितलं होतं ना मी?"

"तुमच्या बोटाला पटकन सापडावी म्हणून."

सरांनी दोरा सोडला नाही. तसाच धरून म्हणाले, "आता कुठं हाय ती?"

"परवापासून खिडकीत ठेवलीय, उजेडात." तिने ग्लास आणून त्यांच्या हातात दिला. सरांनी ते लांबलचक देठ दोन बोटांत धरलं, वर जात जात पानापर्यंत आले, ग्लास डोळ्यांशी नेला, खिडकीकडे तोंड केलं. पुन्हा नेला.

"रंग कसा हाय?"

मानसी सवयीने रोप त्यांच्यासमोर आणखी वर धरायला गेली.

"दाखवू नको," सर म्हणाले. "सांग."

आखणी करणाऱ्याची नात ती. पानाकडे तिने खूप वेळ बघितलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"हिरवा चढायला लागलाय, सर."

"नक्की?"

"नक्की."

"मग लिही वहीत. बाई, तुम्ही बघून घ्या आणि सही करा. न बघता नाय करायची."

मी वाकून बघितलं. पान पिवळंच होतं.

मानसीने वही पुढे केली. मी सही केली.